जलपर्णी उपसण्याआधी वाचा तरी!

मंडळी, सर्व्हरचा अलार्म वाजला की आपण काय करतो? लॉग बघतो. अलार्मची वायर कापणाऱ्याला कोणी इंजिनिअर म्हणणार नाही. नदीत जलपर्णी दिसली की मात्र सर्रास तेच चालतं.. पोकलेन आणा, उपसा, फोटो काढा, घरी जा. सांडपाणी येतंय ते येतंच राहतं आणि पुढच्या वर्षी पुन्हा टेंडर!

नंदुरबार जिल्हा घ्या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले, त्यातले ५३ महाराष्ट्रातले. शहाद्याची गोमाई आणि नवापूरची रंगावली त्यात होत्या. (पुण्या-मुंबईतल्या आपल्यापैकी कितींनी ही नावं ऐकलीयत? असो.) यादी ठरली ती बीओडीवर, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन खातात त्यावर. लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या वर गेला की नदी नापास.

आकडा वाईट नाही हो. पण तो एका बाटलीतला, एका दिवसाचा. शिवाय शेतातून वाहून येणारं नायट्रेट-फॉस्फेट त्याला दिसतच नाही. ते कळतं वनस्पतींना, कारण ते त्यांचं जेवण! जलपर्णीची मुळं पाण्यातच लोंबकळतात. ती माजली तर दोन गोष्टी समजाव्यात: पाण्यात खत उतरलंय आणि प्रवाह अडलाय. तापीवर प्रकाशा आणि सारंगखेड्याला बॅरेज आहेत, तेव्हा तिथे दुसरी गोष्ट विसरून चालणार नाही. हायड्रिलाचं वेगळं. ती पाण्याखाली रुजते, गाळातलंही अन्न घेते, पण तिला उजेड लागतो. तीही नाहीशी होऊन वर नुसता हिरवा तवंग उरला, तर आजची बाटली पास झाली तरी मी ते पाणी चांगलं मानणार नाही.

युरोपात २००० च्या पाणीविषयक कायद्याने नद्यांची प्रकृती ठरवताना पाणवनस्पती मोजणं बंधनकारक केलं. फ्रान्सने २००३ मध्ये त्यासाठी प्रमाणित निर्देशांकच काढला, प्रत्येक जातीला गुण देऊन. आपल्या मंडळाचे जैविक निकष आहेत, पण ते तळातल्या किडे-गोगलगायींवर.

"फ्रान्सचं कोष्टक इथे कसं चालेल?" नाहीच चालणार. जाती वेगळ्या, पावसाळ्यात पूर सगळं धुऊन नेतो, सातपुड्यातले कितीतरी ओढे उन्हाळ्यात कोरडे. म्हणून तर आपलं कोष्टक हवं! पूर ओसरल्यावर, ऑक्टोबर ते जानेवारीत, शहाद्याच्या वर एक आणि खाली एक अशा गोमाईवरच्या ठरलेल्या दोन जागा. कुठली जात किती, दरवर्षी लिहायचं. बॉटनीच्या पोरांना जमण्यासारखं काम आहे, खर्च पोकलेनच्या डिझेलइतकाही नाही. ही नोंद जोडल्याशिवाय जलपर्णी काढण्याचं एकही बिल पास होता कामा नये.