जामीनदार महापालिका

२०२८ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट असणार आहे, १९०० च्या पॅरिसनंतर पहिल्यांदाच. अमेरिकेतल्या देशी मंडळींना आनंदाचं भरतं आलंय. येऊ दे. मला मात्र क्रिकेटइतकाच रस तिथल्या नगर परिषदेने २०१७ मध्ये केलेल्या एका सहीत आहे.

आपल्याकडे पतपेढीच्या कर्जाला जामीन राहिलेला एखादा काका प्रत्येक घरात असतो. कर्ज घेतलं दुसऱ्याने, गाडी फिरवली दुसऱ्याने, आणि नोटीस आली काकांना. ऑलिंपिकमध्ये यजमान शहर म्हणजे हा काका. तोटा झाला तर तो शहराने भरायचा, ही अट आंतरराष्ट्रीय समिती आधीच लिहून घेते.

नोटीस कशी येते ते माँट्रियलला विचारा. महापौर ज्याँ द्रापो छातीठोकपणे म्हणाले होते की पुरुषाला मूल होईल तेव्हाच ऑलिंपिकला तोटा होईल! १९७६ च्या त्या सोहळ्याचं कर्ज २००६ साली फिटलं, तेही क्युबेक प्रांताने सिगारेटवर खास कर लावून. बरं, संपलं म्हणावं तर तेही नाही. त्याच स्टेडियमच्या नव्या छतासाठी २०२४ मध्ये ८७ कोटी कॅनेडियन डॉलर मंजूर झाले. मेंटेनन्सचं बिल ते हेच!

माँट्रियल पाहून बाकीची शहरं इतकी बिचकली की १९८४ साठी तेहरानने माघार घेतल्यावर एकटं लॉस एंजलिस उरलं. आणि तिथल्या लोकांनी काय केलं? १९७८ च्या नोव्हेंबरमध्ये मतदान घेऊन शहराच्या सनदेतच दुरुस्ती केली: जो परत मिळणार नाही असा शहराचा पैसा ऑलिंपिकवर खर्च करायचा नाही. समितीपुढे दुसरं गिऱ्हाईकच नव्हतं. मुकाट्याने स्वतःचा नियम बाजूला ठेवावा लागला. मग पीटर उबेरॉथ यांच्या खाजगी समितीने जुनं कॉलिझियम वापरलं, खेळाडूंना विद्यापीठांच्या वसतिगृहांत ठेवलं, टीव्हीचे हक्क विकले आणि २० कोटी डॉलरहून जास्त शिल्लक पाडली. लोक याचं श्रेय उबेरॉथ यांच्या हुशारीला देतात. हुशारी होतीच, पण मला वाटतं खरी किमया त्या मतदानाची. मागे काका उभे नाहीत हे कळलं की माणूस आपोआप जपून खर्च करतो.

आता २०१७. हॅम्बुर्गच्या लोकांनी मतदानाने नाही म्हटलं, रोम आणि बुडापेस्टने अंग काढून घेतलं. अमेरिकेची पहिली पसंती होती बॉस्टन, पण महापौर मार्टी वॉल्श यांनी २०१५ मध्ये हमीपत्रावर सही करायची तयारी दाखवली नाही. उरली दोनच शहरं, पॅरिस आणि लॉस एंजलिस. समिती इतकी अडली होती की २०२४ आणि २०२८ दोन्ही एकदमच वाटून टाकलं. म्हणजे १९७८ सारखेच पत्ते हातात होते. तरी शहर जामीन राहिलं! तोट्याचे पहिले २७ कोटी डॉलर शहराचे, पुढचे २७ कोटी कॅलिफोर्निया राज्याचे, आणि त्यावर जे काही होईल ते पुन्हा शहराचं. वरची मर्यादा नाही.

समर्थक म्हणतात, नवी कायमची स्टेडियम बांधायचीच नाहीयेत, जोखीम नगण्य आहे. पहिला भाग खरा आहे. पण जोखीम नगण्य असेल तर ती समितीनेच का घेऊ नये? आमच्या धंद्यात तारीख, स्कोप आणि पैसे या तिन्हींपैकी दोनच गोष्टी क्लायंटला पक्क्या करता येतात. ऑलिंपिकची तारीख हलत नाही, स्कोप बाहेरचे लोक ठरवतात. हलू शकतो तो फक्त पैसा. आणि तो हललेला पैसा कुठून येणार? २०२५ मध्ये याच शहराच्या अर्थसंकल्पात जवळजवळ एक अब्ज डॉलरचा खड्डा निघाला आणि कर्मचारी कमी करायचा प्रस्ताव आला.

सरकारने खेळावर पैसा घालूच नये असं मी म्हणत नाही. बालेवाडीचं संकुल १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी झालं आणि २००८ च्या युवा राष्ट्रकुलला कामाला आलं. चांगलंच झालं. बांधलेलं दिसतं, त्याचा हिशेब मागता येतो. जामीनकीचं तसं नाही. ती नोटीस येईपर्यंत कुठल्याच ताळेबंदात ठळक दिसत नाही.

हे सगळं आत्ता सुचायचं कारण अहमदाबाद. २०३० चे राष्ट्रकुल खेळ तिथे होणार हे नोव्हेंबर २०२५ मध्ये ठरलं, आणि २०३६ च्या ऑलिंपिकसाठीही भारताने २०२४ मध्येच इच्छापत्र दिलं आहे. राष्ट्रकुलला तर गिऱ्हाईकांचा दुष्काळच आहे. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने २०२६ चे खेळ २०२३ मध्ये रद्द केले आणि ३८ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई देऊन हात झटकले. मग ग्लासगोने ते आटोपशीर करून घेतले. म्हणजे अटी घालायची हीच वेळ. केंद्र, राज्य आणि महापालिका यांच्यात तोट्याची वाटणी कशी, आणि महापालिकेचा आकडा कुठे थांबतो, एवढ्या दोन ओळी अहमदाबादच्या करदात्याला गुजरातीत छापून मिळाल्या पाहिजेत, स्टेडियमची रंगीत चित्रं पेपरात यायच्या आधी.