पुढे कोणते इंजिन असावे?

लोणार तालुक्यातील सुलतानपूरला रेल्वे नाही. मुंबईस निघालेला येथील विद्यार्थी किंवा नोकरदार एस.टी.ने सिंदखेडराजामार्गे जालना गाठतो आणि तेथे गाडी धरतो. याच मार्गावर वर्षानुवर्षे धावलेल्या डिझेल इंजिनांपैकी काही आज गाडीच्या अग्रभागी राहण्यास अपात्र ठरू लागली आहेत. त्यांची ओढण्याची शक्ती संपलेली नाही. उणीव आहे ती चालकाच्या कक्षात.

अमेरिकेतील ॲल्को कंपनीच्या आराखड्याचे 2600 अश्वशक्तीचे डब्ल्यूडीएम-2 इंजिन 1962 मध्ये भारतात आले आणि 1964 पासून वाराणसीत तयार होऊ लागले. त्यात चालकाचा कक्ष एका टोकाकडे आणि एकच. उलट्या दिशेने निघाले की यंत्राची लांब पेटी चालकासमोर येते, रुळाची एक बाजू झाकली जाते आणि तिकडचे सिग्नल सहाय्यकाने पाहून सांगावे लागतात. पुढील काळात दोन कक्षांची डिझेल इंजिने काढली गेली ती याच अडचणीमुळे. ब्रेकचेही असेच. निर्वात ब्रेकचे जुने इंजिन हवेच्या दाबाच्या ब्रेकची गाडी आवरू शकत नाही. मग ती नेणार कशी? मागे जोडलेल्या इंजिनाला मात्र यातले काही लागत नाही. पुढच्या इंजिनातून आलेल्या केबलवर ते चालकाविनाही जोर लावते.

आता या अटींत ‘कवच’ची भर पडत आहे. लाल सिग्नल ओलांडला जाण्याचा धोका दिसताच ही यंत्रणा आपण होऊन ब्रेक लावते. जालन्यावरून जाणारा मनमाड-मुदखेड मार्ग तिच्या आरंभीच्या मार्गांपैकी एक. परंतु 2024 पर्यंत दक्षिण मध्य रेल्वेत 1,465 किलोमीटर मार्गावर कवच बसले असताना ते असलेली इंजिने अवघी 144 होती. रुळाकाठची यंत्रणा ज्याला संदेश देणार त्या इंजिनात तो ऐकणारेच कोणी नसेल, तर मार्गावरचा खर्च निम्मा वाया गेला असेच म्हणावे लागेल. कॅलिफोर्नियात चॅट्सवर्थ येथे 12 सप्टेंबर 2008 रोजी प्रवासी गाडी लाल सिग्नल ओलांडून मालगाडीवर आदळली व 25 जण मरण पावले. त्याच वर्षी तेथे कायदा झाला. ठरलेल्या मार्गांवर अशी यंत्रणा सक्तीची झाली आणि ती नसलेली इंजिने मागे गेली. आपल्याकडेही कवच असलेल्या मार्गावर कवच नसलेले इंजिन अग्रभागी लावू नये, असा नियम तारखेसह जाहीर व्हावयास हवा. अर्थात त्यामुळे काही काळ इंजिनांचा तुटवडा भासेल व मालगाड्या रखडतील. ती किंमत फार नाही.

मात्र कवच आले म्हणून खिडकीचे महत्त्व कमी होत नाही. ते सिग्नल ओळखते, रुळावरचा माणूस ओळखत नाही. 8 मे 2020 रोजी पहाटे करमाडजवळ जालन्याहून पायी निघालेले 16 मजूर रुळांवर झोपेत असताना मालगाडीखाली मृत्यू पावले. चालकाला ते दिसले होते, त्याने थांबण्याचा प्रयत्नही केला होता. दिसूनही जे टळले नाही, तेथे निम्मी बाजू झाकून गाडी हाकण्याची मुभा इंजिन वळवण्याचा वेळ वाचावा एवढ्यासाठी देणे समर्थनीय नाही, मग त्या इंजिनात कवच असो वा नसो.