विमानतळाच्या कुंपणापलीकडे

विमान फलाटाला लागते, प्रवासी उतरू लागतात. तरी त्याच्या शेपटातले एक छोटे इंजिन सुरूच असते. आतले दिवे आणि वातानुकूलन चालू राहावे म्हणून ते इंधन जाळत राहते. तीच वीज आणि थंड हवा विमानतळाच्या इमारतीतून पुरवली, तर ते बंद ठेवता येते. सामान ओढणारे डिझेल ट्रॅक्टरही विजेवर चालवता येतात. तंत्र जुनेच आहे. अडते ते पैशापाशी.

अमेरिकेने त्यावर सरकारी अनुदानाचा मार्ग काढला. २००३च्या कायद्यानुसार तेथील केंद्रीय विमान वाहतूक प्रशासन अशा कामांसाठी विमानतळांना मदत देते. मोठ्या विमानतळांना साधारण तीन चतुर्थांश खर्च मिळतो, लहानांना त्याहून अधिक. हा पैसा मुख्यतः विमान तिकिटे आणि विमान इंधनावरील करांतून उभ्या राहिलेल्या निधीतला. म्हणजे प्रदूषणाच्या निवारणाचा भार बऱ्याच अंशी विमान वापरणाऱ्यांवरच पडतो. अनुदानातून घेतलेली वाहने त्याच विमानतळावर वापरली पाहिजेत, अशी अटही आहे. हे सारे अनुकरणीय आहे.

पण ही योजना ऐच्छिक आहे आणि ज्या भागातली हवा राष्ट्रीय मानकांत बसत नाही किंवा पूर्वी बसत नव्हती, तेथील विमानतळांपुरतीच आहे. शिवाय मानके ज्या कणांची आहेत, त्यांत विमानाच्या धुराचा सर्वांत बारीक भाग निसटतो. ०.१ मायक्रॉनहून लहान असे हे अतिसूक्ष्म कण वजनात नगण्य, संख्येने अफाट असतात. ते फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात आणि त्यांतले काही रक्तातही उतरतात. लॉस एंजेलिस विमानतळाच्या वाऱ्याच्या दिशेला १६ किलोमीटरपर्यंत या कणांची संख्या किमान दुप्पट असल्याचे २०१४मध्ये संशोधकांनी दाखवले. ट्रॅक्टर विजेचे झाले, तरी उतरणाऱ्या विमानांचा हा धूर कमी होत नाही.

आवाजाचेही तेच. विमानतळाजवळच्या घरांना आणि शाळांना आवाज अडवणाऱ्या खिडक्या-दारे बसवण्यासाठी तेथे अनुदान मिळते; मात्र दिवसरात्रीची सरासरी ६५ डेसिबल किंवा त्याहून अधिक असेल तरच. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१८मध्ये विमानांच्या आवाजासाठी ४५ आणि रात्रीपुरती ४० डेसिबलची मर्यादा सुचवली. दोन्ही मोजण्याच्या पद्धतींत थोडा फरक आहे, तरी दरी मोठीच राहते. झोपेत आवाज झाला की माणूस जागा होवो न होवो, नाडी आणि रक्तदाब वाढतात. युरोपातील सहा विमानतळांभोवतीच्या पाहणीत रात्रीचा विमानांचा आवाज दर १० डेसिबलने वाढला, की उच्च रक्तदाबाची शक्यता सुमारे १४ टक्क्यांनी वाढलेली आढळली. ६० डेसिबलखाली झोपणाऱ्याला अनुदान नाही. रक्तदाब मात्र अशी सीमारेषा पाळत नाही.

म्हणून अनुदानाचा हिशेब किती यंत्रे घेतली यावर थांबू नये. कुंपणापलीकडच्या हवेतले अतिसूक्ष्म कण किती कमी झाले, रात्रीचा आवाज किती उतरला, वस्तीतल्या किती माणसांना त्याचा लाभ झाला, याची मोजणी अनुदानाच्या अटींतच हवी आणि तिचे आकडे लोकांसमोर यायला हवेत.

मुंबईचा विमानतळ कुर्ला, सांताक्रूझ, विलेपार्ले यांच्या दाट वस्तीने वेढलेला आहे आणि नवी मुंबईत दुसरा उभा राहिला आहे. आपल्याकडे अशी मदत देण्याचा विचार होईल, तेव्हा पहिले मोजमाप धावपट्टीवर नव्हे, तर त्या वस्तीतल्या खिडकीशी व्हावे. औषधाचा खर्च किती झाला, यावरून रोगी बरा झाला असे कोणी म्हणत नाही.