जागा कॉम्प्युटरची करा, हिशेबाची नको

दुकानातला कॉम्प्युटर मंद झाला, ‘सी’ ड्राईव्हपुढे लाल पट्टी दिसू लागली की आपले व्यापारी बांधव दोनच गोष्टी करतात. जुन्या सालांचे हिशेब उडवतात, नाहीतर दुरुस्तीवाला सांगेल ती नवी डिस्क घेतात. माझ्या मते दोन्हीत घाई आहे.

माझ्याच दुकानातली गोष्ट आहे. जून महिना, शाळेच्या कापडाचा सीझन, दुकानात गर्दी आणि बिल निघेना. दुरुस्तीवाल्याने डिस्क बदलायला सांगितली. तोवर जागा व्हावी म्हणून मुलाने दोन जुन्या सालांचा डेटा काढून टाकला. चार दिवसांनी भाच्याने पाहिले तेव्हा खरी अडगळ भलतीकडेच निघाली. सिस्टीम रिस्टोअरच्या जुन्या नोंदींनी वीस जीबीच्या वर जागा अडवली होती.

ही सोय विंडोजमध्ये 2000 सालच्या मिलेनियम एडिशनपासून आहे. नवा प्रोग्राम किंवा अपडेट घालण्यापूर्वी विंडोज आपल्या फायली व सेटिंग यांची नोंद करून ठेवते. काही बिघडले तर त्या दिवसाच्या स्थितीवर परत जाता येते. सोय चांगलीच आहे. पण मशीन नीट चालत असताना पाच महिन्यांपूर्वीच्या स्थितीवर कोण जाणार? विकून संपलेल्या प्रत्येक ताग्याचा तुकडा आपण गल्ल्यात जपून ठेवत नाही. नेमून दिलेली जागा भरली की सर्वात जुनी नोंद आपोआप जाते हे खरे, पण तोवर ती जागा आपल्या कामाची नसते.

काढण्याची रीत सोपी आहे. ‘डिस्क क्लीनअप’ उघडून ‘सी’ निवडावा, ‘क्लीन अप सिस्टीम फाईल्स’ दाबावे, मग ‘मोअर ऑप्शन्स’मध्ये सर्वात खाली सिस्टीम रिस्टोअरचे बटण आहे. त्याने शेवटची नोंद राहते, बाकीच्या जातात. आम्हा उर्दू शाळेत शिकलेल्यांना ही इंग्रजी बटणे वाचताना अडखळायला होते, पण एकदा शेजारी बसून पाहिले की हात बसतो. मात्र ‘सिस्टीम प्रोटेक्शन’मधले ‘डिलीट’ दाबू नये, त्याने त्या ड्राईव्हच्या सगळ्याच नोंदी जातात. तिथली पट्टी सरकवून जागेची मर्यादा तेवढी कमी करावी. कुणाकडे अजून विंडोज सात असेल तर त्यावर फायलींच्या जुन्या प्रतीही याच नोंदींतून मिळतात. हरवलेले काही शोधायचे असेल तर आधी शोधून घ्यावे.

आणि रिस्टोअर म्हणजे बॅकअप, हा गैरसमज बाजारात फार आहे. मागच्या तारखेवर गेल्याने विंडोज सुधारेल, उडवलेली बिले परत येणार नाहीत. जीएसटीच्या कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने ठेवावे लागतात. 2021-22 सालासाठी ती तारीख 31 डिसेंबर 2022 होती, म्हणजे ते हिशेब 2028 अखेरपर्यंत हवेत. त्यांची प्रत पेनड्राईव्हवर घेऊन दुकानाबाहेर, घरी ठेवावी.

मुलाने उडवलेल्यांत नेमके तेच साल होते. फाईलला लावलेल्या प्रतींवरून आम्ही रोज रात्री दुकान बंद झाल्यावर बिले पुन्हा चढवतो आहोत. सध्या दिवाळीपर्यंत आलो आहोत.