समुद्रशेवाळाच्या बाटलींत आहे काय ?

आमच्या वाशीम जिल्ह्यास समुद्र नाहीं. रिसोडपासून कारंज्यापर्यंत पाहूं गेल्यास पैनगंगा, अडाण, अरुणावती या नद्या व त्यांवर बांधलेले तलाव एवढेंच आमचें पाणी. बाकी सर्व भिस्त मृगाच्या पावसावर. असें असतांही गेल्या कांहीं वर्षांत समुद्रांतली एक वस्तु आमच्या धुऱ्यापर्यंत येऊन पोहोंचली आहे. ती म्हणजे समुद्रशेवाळाचा अर्क. दुकानाच्या फळीवर काळपट रसाच्या बाटल्या ओळीनें मांडलेल्या दिसतात. सोयाबीन, तूर, कपाशी, हळद, संत्रा, सर्वांवर हें एकच औषध चालतें असें सांगण्यांत येतें. पुष्कळ वेळां तर कास्तकार ती बाटली मागतही नाहीं. खताच्या पोत्याबरोबर ती त्याच्या गळ्यांत घालण्यांत येते. या वस्तूविषयीं मंडळाचें मत काय, असा प्रश्न सभासदांकडून वरचेवर येतो, म्हणून तें येथें स्पष्ट मांडतों.

शेवाळाचा अर्क ही थाप नव्हे. परंतु तो खतही नव्हे. आणि ज्या बाटलीवर शेवाळाची जात व अर्काचें रासायनिक पृथक्करण छापलेलें नाहीं, ती बाटली कास्तकारानें विकत घेऊं नये.

मुळांत ‘शेवाळ’ हा शब्दच घोटाळ्याचा आहे. पोत्यावर नुसतें ‘धान्य’ असें लिहून आंत ज्वारी आहे कीं तूर हें न सांगतां कोणी माल विकूं लागला, तर त्याला आम्ही वेड्यांत काढूं. समुद्रशेवाळाच्या हिरव्या, तपकिरी व तांबड्या अशा तीन मोठ्या जाती आहेत आणि त्यांच्यांतील अंतर ज्वारी-तुरीपेक्षांही अधिक आहे. मालवण-रत्नागिरीच्या खडकांवर ओहोटीच्या वेळीं या तिन्ही पाहावयास मिळतात. हिरव्या जातींत, उदाहरणार्थ पातळ पानासारख्या उल्व्हा शेवाळांत, आपल्या पिकांच्या पानांत असतें तेंच हरितद्रव्य असतें व सांठाही पिष्टाचाच असतो. मात्र तिच्या अंगीं उल्व्हन नांवाचा गंधकयुक्त चिकट पदार्थ असतो, तो जमिनीवरील कोणत्याही पिकांत सांपडत नाहीं.

तपकिरी जातीचा प्रकार निराळा. सरगॅसम हें त्यांतलेंच शेवाळ. यांत फ्यूकोझँथिन या रंगद्रव्यानें हिरवा रंग झांकून टाकलेला असतो. पिष्ट नसतें, त्याऐवजीं लॅमिनॅरिन व मॅनिटॉल ही एक प्रकारची साखर असते. यांतील सर्वांत मोलाचा पदार्थ अल्जिनिक आम्ल होय. वाळलेल्या शेवाळाच्या वजनांत तें शेंकडा दहापासून चाळीसपर्यंतही भरतें. स्टॅनफर्ड या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञानें तें १८८१ च्या सुमारास वेगळें काढलें. त्याच्याही पूर्वीं, १८११ सालीं, फ्रान्समध्यें कूर्त्वा हा सोरा तयार करणारा गृहस्थ शेवाळाची राख खळखळीत होता. तींतून जांभळ्या वाफा निघाल्या आणि आयोडीन हें मूलद्रव्य जगास ठाऊक झालें. आज गलगंड टाळण्यासाठीं आम्ही जें मीठ खातों त्यांतील आयोडीनचा इतिहास असा शेवाळाच्या राखेंत आहे.

तांबड्या जातींचा रंग फायकोएरिथ्रिन या द्रव्याचा. अगर व कॅराजीनन हे गोठणारे पदार्थ यांच्यापासूनच मिळतात; १८८२ पासून जगांतील प्रयोगशाळा ज्या अगरावर जंतु वाढवितात तें याच जातींचें. पॉर्फायरासारख्या कांहीं तांबड्या शेवाळांत वाळलेल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत प्रथिनें असतात व कित्येक देशांत तें अन्न म्हणून खातात.

तिघांत समान तें इतकेंच कीं, ओल्या शेवाळांत शेंकडा ऐंशी ते नव्वद भाग नुसतें पाणी असतें; वाळविल्यावर राखेचा भाग बहुधा वीस ते चाळीस टक्के निघतो. या राखेंत पालाश चांगला असतो, मिठाचा अंश पुष्कळ असतो, आणि स्फुरद मात्र अगदींच थोडा. आयर्लंड, स्कॉटलंड व फ्रान्सचा ब्रिटनी प्रांत येथील किनाऱ्यावरचे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या ओलें शेवाळ गाड्या भरून शेतांत टाकीत आले, तें या पालाशाकरितां व सेंद्रिय अंशाकरितां. त्यांस तें परवडे, कारण समुद्र दाराशीं होता. आम्हीं तें आणावयाचें म्हणजे दहा मणांत आठ-नऊ मण पाण्याची वाहतूक करावयाची, आणि वर मीठ विकत घ्यावयाचें. सोडियमानें काळ्या जमिनीचें काय होतें हें पाहण्यास दूर जावयास नको. शेजारच्या अकोला जिल्ह्यांतील खारपाणपट्टा तें रोज दाखवीत आहे.

म्हणून अर्काची युक्ति निघाली. इंग्लंडांत १९५० च्या सुमारास अल्कलीनें शेवाळ विरघळवून त्याचा द्रव विकण्यास प्रारंभ झाला. आपल्याकडे भावनगर येथील केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेनें (स्थापना १९५४) निराळी वाट धरली. कॅपाफायकस हें तांबडें शेवाळ तामिळनाडूंतील मंडपमच्या किनाऱ्यावर बांबूच्या तराफ्यांवर वाढवितात. तें ताजेंच ठेंचून रस पिळून घ्यावयाचा व चोथ्यापासून कॅराजीनन काढावयाचें, अशी ती रीति असून तिचें अमेरिकन पेटंट २००५ सालीं मिळालें. या रसांत पालाशाखेरीज सायटोकायनिन, ऑक्झिन यांसारखीं वाढीचीं द्रव्यें अत्यल्प प्रमाणांत असतात. फवारणीचा जो गुण येतो तो मुख्यतः या सूक्ष्म द्रव्यांचा, अन्नांशाचा नव्हे.

आतां हिशेब पाहूं. याच शेवाळाच्या रसाचा कोरडवाहू सोयाबीनवरील एक प्रयोग २००९ सालीं प्रसिद्ध झाला असून त्यांत १५ टक्के रसाच्या फवारणीनें उत्पन्न ५७ टक्क्यांनीं वाढल्याचें नमूद आहे. हाच आंकडा विक्रेत्यांच्या तोंडीं निरनिराळ्या रूपांनीं ऐकूं येतो. पण १५ टक्के म्हणजे शंभर लिटर फवाऱ्यांत पंधरा लिटर रस ! दुकानांतील बाटलीचें प्रमाण लिटरमागें अडीच मिलिलिटर धरलें, तर शंभर लिटरांत पाव लिटर पडतें. म्हणजे साठावा हिस्सा. बाटलींतला अर्क आटविलेला असतो हें खरें. किती पट आटविला, तें बाटलीवर लिहिलेलें नसेल तर प्रयोगाचा आंकडा त्या बाटलीस लावण्याचा अधिकार कोणास पोहोंचतो ?

दुसरा हिशेब पालाशाचा. दहा क्विंटल सोयाबीनचे दाणे शेतांतून सुमारें २० किलो पालाश घेऊन जातात. एका लिटरच्या बाटलींत घन अंश ३०० ग्रॅम आहे असें धरलें, व त्याचा तिसरा हिस्सा पालाश आहे असेंही उदारपणें मानलें, तरी तो १०० ग्रॅम झाला. उचल भरून काढावयास अशा दोनशें बाटल्या लागतील. आमच्या काळ्या जमिनींत पालाश मूळचाच बरा असतो ही गोष्ट वेगळी. परंतु बाटली मारली म्हणून शेणखत व रासायनिक खत कमी करणारा कास्तकार जमिनीची पुंजी खातो. नत्राबद्दल तर बोलावयासच नको. शिवाय अल्कलीच्या रीतीनें काढलेल्या अर्कांत पालाशाचा बराच भाग शेवाळाचा नसून विरघळविण्यास वापरलेल्या पोटॅशचा असूं शकतो. तेव्हां पालाश पुष्कळ आहे म्हणून शेवाळ पुष्कळ आहे असेंही ठरत नाहीं. काळा रंग व खारट वास यांवरून तर मुळींच ठरत नाहीं.

कायदा या बाबतींत उशिरा जागा झाला. पूर्वीं या वस्तु खतांतही मोडत नसत आणि कीटकनाशकांतही. फेब्रुवारी २०२१ मध्यें १९८५ च्या खत नियंत्रण आदेशांत दुरुस्ती होऊन त्यांस ‘जैव-उत्तेजक’ ही संज्ञा मिळाली. जड धातु व कीटकनाशकांचे अंश यांवर मर्यादा आल्या. तात्पुरत्या परवानगीवर जो माल चालला होता त्याची मुदत १६ जून २०२५ रोजीं संपली. हें योग्यच झालें. परंतु राजपत्रांतलें प्रमाण मानोऱ्याच्या कास्तकारास कसें वाचतां यावें ? तें बाटलीवर, मराठींत, डोळ्यांस दिसेल अशा अक्षरांत पाहिजे : शेवाळ कोणत्या जातीचें, अर्क कोणत्या रीतीचा, घन अंश किती, पालाश किती, तपकिरी जात असल्यास अल्जिनिक आम्ल किती. हें आमचें गुपित आहे असें कारखानदार म्हणतात. पेटंटाचा अर्थच मुळीं गुपित जाहीर करणें असा आहे. आणि ज्यास गुपित ठेवावयाचें असेल त्यानें तें दुसऱ्याच्या कर्जाच्या पैशांवर ठेवूं नये. पोत्याबरोबर बाटली घेण्याची सक्ति झाल्यास सभासदांनीं पक्की पावती मागावी व तालुका कृषि अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी.

ज्यांस अर्क वापरून पाहण्याची इच्छा आहे त्यांस आम्ही परावृत्त करीत नाहीं. मात्र सबंध वावरावर एकदम फवारूं नये. एकाच पेरणीच्या, सारख्या जमिनीच्या सहा पट्ट्या आंखाव्या. एकीआड एक अशा तीन पट्ट्यांवर अर्क व उरलेल्या तीनांवर तितकेंच साधें पाणी, त्याच दिवशीं, त्याच पंपानें मारावें. खत, डवरणी, निंदण सर्वांस सारखें. मळणी वेगवेगळी करून प्रत्येक पट्टीचें वजन वहींत टिपावें. अंदाज चालणार नाहीं. शंका आल्यास करडा येथील कृषि विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा. बाटलीवरील मजकुराची नक्कल, फवारणीची तारीख, मध्यंतरींची पावसाची उघाड व सहाही वजनें मंडळाकडे पाठवावीं. फायदा दिसला नाहीं तर तेंही कळवावें. दोन्ही प्रकारचे आंकडे आम्ही सारख्याच जागीं छापूं.