सातबारा कोणाचा?

दिवाळीला आम्ही वडनेरला जातो. हिंगणघाटच्या पुढे, हैदराबादकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचे हे आमचे मूळ गाव. थोरले बंधू तिथे शेती पाहतात. मी शहरातल्या कॉलेजात मराठी शिकवतो. यंदा मात्र मीच चार गोष्टी शिकून परतलो.

त्याचे असे झाले. गेल्या दिवाळीत चिरंजिवांना एक व्हिडिओ गेम हवा होता. सीताबर्डीवरच्या दुकानात त्याच्या डिस्कची किंमत तीन हजार. तोच खेळ इंटरनेटवरच्या दुकानात, सणाच्या सवलतीत, दोन हजारांना! घरबसल्या बटण दाबले आणि खेळ यंत्रात उतरला. हजार रुपये वाचवल्याबद्दल मी सौभाग्यवतींपुढे आठवडाभर मिरवलो.

यंदा वडनेरला पोचताच चिरंजीव म्हणाले, “बाबा, माझा खेळून झालाय. आपण तो दादाला देऊन टाकू.” पुतण्याकडे तसलेच यंत्र आहे. मुलाचे हे औदार्य पाहून मला धन्य वाटले. पण द्यायचे काय? डबी नाही, डिस्क नाही. खेळ चिरंजिवांच्या खात्याला जखडलेला. खातेच द्यावे, तर त्याबरोबर त्याचे बाकीचे सगळे खेळ जाणार.

पुतण्याने आपल्या डिस्क दाखवल्या. एकेक डिस्क गावातल्या तीन-चार घरी फिरून आलेली. “काका, झालं खेळून का नागपूरले इकतो. हजार रुपये तं येतेच न!” माझ्या वाचलेल्या हजारांचा हिशेब तिथेच मिटला.

दादा कापसाच्या गंजीपाशी बसून ऐकत होते. म्हणाले, “म्हंजे वावर ठेक्यानं वाहिलं म्हण की! पीक तुझं, पण सातबारा त्याचाच.”

दादांनी एका वाक्यात सांगितले, त्यासाठी कॅलिफोर्नियात कायदा करावा लागला. १ जानेवारी २०२५ पासून तिथे असा माल नुसता ‘विकत घ्या’ म्हणून विकता येत नाही. तुम्हाला मिळतो तो केवळ परवाना, हे दुकानाने स्पष्ट सांगावे लागते. कायमचा उतरवून घेता येणारा माल तेवढा यातून वगळला आहे.

मग डिस्क, डबी, मालमोटार, यांपैकी कशाचाच खर्च नसताना नवा खेळ इंटरनेटवर निम्म्या किमतीत का मिळत नाही? दुकानात माल पडून राहिला की दुकानदाराचा पैसा अडकतो. तो भाव उतरवतो, शेजारचा त्याहून उतरवतो, आणि जुन्या डिस्क बाजारात आल्या की दोघांनाही नमते घ्यावे लागते. खेळाच्या यंत्रातले दुकान मात्र बहुधा यंत्र बनवणाऱ्या कंपनीचेच असते. त्या गल्लीत दुसरे दुकान नाही आणि जुना बाजारही नाही. सवलत मिळते, पण त्यांच्या मुहूर्तावर.

डिस्क म्हणजे अमरपट्टा, असेही समजू नये. ‘द क्रू’ हा मोटारशर्यतीचा खेळ २०१४ साली आला. ३१ मार्च २०२४ रोजी युबिसॉफ्ट कंपनीने त्याचे सर्व्हर बंद केले आणि ज्यांच्या कपाटात डिस्क होती त्यांचाही खेळ संपला. सातबारा हाती असला, तरी विहिरीचे पाणी दुसऱ्याच्या हाती होते!

इंटरनेटवरचे दुकान वाईट, असे मी म्हणत नाही. वडनेरहून सीताबर्डी गाठायची तर दिवस मोडतो. तो दिवस वाचतो, हीही कमाईच. फक्त किंमत विचारताना आणखी एक प्रश्न विचारावा: उद्या ही वस्तू मला दुसऱ्याला देता येईल का?

चिरंजिवांनी शेवटी आपल्या खाऊच्या पैशांत माझी भर घालून पुतण्याला डिस्कच घेऊन दिली. माझ्या काटकसरीची एकूण किंमत इतकी झाली.

असो. हा अंक वाचून झाला की शेजारच्या वहिनी मागायला येतील. संपादकांची पर्वा न करता खुशाल द्या. तो तुमचा आहे.