मल्चिंग पेपरचे तुकडे आणि आपलें पाणी

समुद्रकांठीं स्नानास जाणारे लोक उन्हानें कातडी भाजूं नये म्हणून अंगास जें मलम लावतात, त्याची चर्चा शेतकऱ्यांच्या मासिकांत कशास, असें पुष्कळ वाचक विचारतील. अशा कित्येक मलमांत ऑक्सिबेंझोन नांवाचें द्रव्य असतें. उन्हांतील नीलातीत किरण तें स्वतः शोषून घेतें व कातडीपर्यंत पोहोंचूं देत नाहीं. हें द्रव्य प्रवाळांस अपायकारक होईल या भीतीनें अमेरिकेंतील हवाई राज्यानें २०१८ सालीं कायदा केला व १ जानेवारी २०२१ पासून असल्या मलमांची वैद्याच्या चिठ्ठीवांचून होणारी विक्री बंद केली.

आतां शेताकडे वळूं. प्लॅस्टिकचा कागद उन्हांत लवकर फुटूं नये म्हणून कारखान्यांत त्यांत जीं द्रव्यें मिसळतात, त्यांपैकीं कांहीं याच बेंझोफेनोन घराण्यांतील आहेत. त्यांचीच भावकी म्हणावें असें यूव्ही-३२८ नांवाचें दुसऱ्या वर्गांतील द्रव्य २०२३ सालीं स्टॉकहोम करारांतील राष्ट्रांनीं, कांहीं अपवाद ठेवून, बंद करावयाच्या द्रव्यांच्या यादींत घातलें. म्हणजे मलमाचा प्रश्न केवळ समुद्रस्नान करणारांचा राहिला नाहीं.

ही देवघेव कशी चालते तें घरांतील लोणच्याच्या डब्यावरून कळतें. प्लॅस्टिकच्या डब्यांत लोणचें ठेवलें म्हणजे तेलाचा रंग व वास त्यांत मुरतो. डबा कितीही घांसला तरी जात नाहीं, आणि पुढें त्यांत साखर भरली तर वास साखरेस लागतो. पाण्यांत नाखुषीनें राहणारीं व तेलांत रमणारीं द्रव्यें प्लॅस्टिकचा कण दिसतांच त्यास चिकटतात. टोकियोजवळील समुद्रांतील प्लॅस्टिकच्या गोळ्यांवर डीडीटीपासून होणारें विष सांठतें, हें जपानी शास्त्रज्ञांनीं २००१ सालींच दाखविलें. मलमांतील द्रव्यांचेंही तसेंच आहे. ऑक्सिबेंझोनपेक्षां ऑक्टोक्रायलीन अधिक तेलप्रिय, सबब तें अधिक चिकटतें. उन्हानें तडे गेलेल्या कणास पृष्ठभाग जास्त मिळतो. तोच कण स्वच्छ पाण्यांत गेला, किंवा माशाच्या पोटांतील पाचकरसांत सांपडला, म्हणजे घेतलेलें परत सोडूं लागतो.

समुद्रांतील कण बाहेरून जें विष वाहून आणतात, तें पाण्यांतून व अन्नांतून येणाऱ्या विषाच्या मानानें थोडें, असें कांहीं विद्वानांचें मत आहे. तें आम्हांस रास्त वाटतें. उगीच भय पसरविण्यांत हंशील नाहीं. परंतु रिता कण घेतो आणि भरलेला कण देतो, हा भेद विसरतां कामा नये. आपल्या शेतांतील कागदाचा तुकडा कारखान्यांतूनच भरून आलेला असतो. त्याचा ओघ मुख्यतः एकाच दिशेस, म्हणजे मातीकडे व पाटाच्या पाण्याकडे आहे.

आणि हा कागद तरी किती पातळ! बाजारांतील पिशवी १२० मायक्रॉनहून पातळ नसावी असा नियम ३१ डिसेंबर २०२२ पासून आहे. कलिंगडाच्या वाफ्यावर मात्र आपण २० ते ३० मायक्रॉनचा कागद अंथरतों. हंगाम संपला कीं तो अखंड निघत नाहीं, चिंध्या होतात. कित्येक जण तर त्यावरून सरळ रोटाव्हेटर फिरवितात. यासारखी दुसरी आळशी रीत आमच्या पाहण्यांत नाहीं. बांधावर जाळणें हीही तिचीच बहीण. चीन देशांत याहून फार पातळ कागद वर्षानुवर्षें वापरला गेला व जमिनींत चिंध्यांचे थर सांचले. अखेर तेथील सरकारनें २०१७ च्या मानकांत किमान जाडी ०.०१० मिलिमीटर ठरविली, ती कागद उचलतां यावा म्हणूनच.

मल्चिंगनें पाणी वांचतें व तण मरतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. उंसाचें पाचट हातीं असेल तेथें तें आधीं वापरावें. जेथें कागदच हवा तेथें जाड घ्यावा, आणि वेल वाळतांच, ऊन त्यास ठिसूळ करण्यापूर्वीं, गुंडाळून काढावा. सरकार या कागदास अनुदान देतें. त्याचा एक हप्ता जुना कागद परत आणून दिल्यावरच मिळावा, आणि तो घेण्याची जबाबदारी विक्रेत्यावर असावी, असा ठराव सोसायटीनें वार्षिक सभेंत मांडावा. माप मात्र वजनावर नको, क्षेत्रावर ठेवावें. नाहींतर कागदापेक्षां चिकटलेल्या मातीचेंच वजन अधिक भरेल.